हवामान बदल आणि स्वच्छ ऊर्जा कार्यशाळा: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही शिक्षक, बागायतदार आणि निवृत्त मंडळी मिळून रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या गावांत शास्त्रज्ञांना बोलावतो आणि एक दिवसाच्या कार्यशाळा घेतो. फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि आठवडा बाजारात गाठून लोकांनी जे विचारलं, ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्न त्यांच्याच शब्दांत ठेवलेत, त्यामुळे काही जरा तिखट आहेत.

१. कार्यशाळा म्हणजे दिवसभर भाषणं ऐकायची का?

नाही. सकाळी तासभर शास्त्रज्ञ बोलतात, तेही आपल्याच तालुक्याचा नकाशा आणि पावसाच्या नोंदी समोर ठेवून. मग हाताने करायची कामं: पर्जन्यमापक बनवणं, विजेचं बिल ओळ न् ओळ वाचणं, सोलर पॅनलवर अर्धवट सावली टाकून मीटरचा काटा किती पडतो ते बघणं. जेवणानंतर गावातच फेरी असते. खाजण, बंदर, बाग, जे जवळ असेल ते. शेवटचा तास प्रश्नांचा. तो नेहमीच दोन तास चालतो, आणि पाहुणे पुन्हा यायला तयार होतात ते त्या तासामुळेच.

२. शिकवायला कोण येतं?

विषय असेल त्याप्रमाणे. पुण्यात १९६२ पासून भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, दापोलीत १९७२ पासून कोकण कृषी विद्यापीठ आहे. अशा ठिकाणी काम करणारी किंवा तिथून निवृत्त झालेली माणसं, शिवाय समुद्रजीवशास्त्र आणि वीज अभियांत्रिकी शिकवणारे प्राध्यापक. ही माणसं संस्थेची प्रतिनिधी म्हणून येत नाहीत, स्वतःच्या सुट्टीत येतात. पॅनल विकणाऱ्यांना आम्ही वक्ता म्हणून बोलावत नाही. यायचं असेल तर त्यांनी श्रोत्यांत बसावं.

३. शास्त्रज्ञ इंग्रजी झाडणार. आमच्या म्हाताऱ्यांना काय कळणार?

ही भीती आम्हालाही होती. पहिल्याच वर्षी मालवणजवळ एका सरांनी पडद्यावर ‘समुद्रपृष्ठ तापमानातील विसंगती’ असं लिहिलं आणि सगळी सभा गप्प झाली. मागच्या बाकावरून एक तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, म्हणाले, “पाणी तापला, असा म्हणा मगे!” तेव्हापासून पाहुण्यांना आधी एक कागद पाठवतो: उधाण, भांग, खांड, पालवी, तुडतुडा, झड. हे शब्द वापरा, बाकीचं आपोआप कळतं. वक्ते मराठीतच बोलतात. मालवणीत विचारलेला प्रश्न अडला, तर आमच्यातलं कुणीतरी सांगतं.

४. कधी असते? पैसे किती?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. लावणीत, आंब्याच्या मोसमात, शिमग्याला आणि गणपतीत कुणी येणार नाही हे आम्ही अनुभवाने शिकलो. मच्छीमार गावांत मात्र उलट करतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हाच तांडेल आणि खलाशी घरी सापडतात. फी नाही. जेवण गावाचं.

५. पाऊस आमच्या आजोबांच्या काळातही लहरीच होता. मग हे ‘हवामान बदल’ नवीन काय?

लहरी होता, यात शंका नाही. गोंधळ मराठीनेही थोडा केलाय. आज सकाळी काय झालं तेही ‘हवामान’ आणि तीस वर्षांची सरासरी तेही ‘हवामान’. शास्त्रज्ञ बदल म्हणतात तो दुसऱ्या अर्थाने. एखाद्या वर्षी मिरग कोरडा गेला तर ती लहर. पण तीस-तीस वर्षांचे दोन तुकडे शेजारी ठेवल्यावर सरासरीच सरकलेली दिसली, किंवा टोकाचे दिवस वाढलेले दिसले, तर तो बदल. त्याचं मुख्य कारण म्हणजे कोळसा, तेल आणि गॅस जाळून हवेत साठलेला कार्बन डायऑक्साइड. आजोबांच्या आठवणी खोट्या ठरवायला आम्ही येत नाही, त्या लिहूनच घेतो. पण आठवणीत मोठा पूर राहतो, साधी वर्षं राहत नाहीत. म्हणून मोजणं लागतं (प्रश्न १२).

६. बरं, मग कोकणाजवळ नक्की काय बदललंय ते आकड्यांत सांगा.

केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये भारतातल्या हवामान बदलाचा अहवाल काढला. त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं. उष्ण कटिबंधातल्या हिंदी महासागराचं पृष्ठभागाचं पाणी १९५१ ते २०१५ या काळात सुमारे १ अंशाने तापलं. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात दरवर्षी साधारण ३.३ मिलिमीटरने चढली. त्याआधीच्या शतकभरात ती वर्षाला १ ते पावणेदोन मिलिमीटरच चढत होती.

एक अंश ऐकून लोक हसतात. पण हवा एक अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त वाफ धरून ठेवू शकते. ती वाफ सह्याद्रीला येऊन आपटते आणि एकदम खाली येते. आपल्याकडे तक्रार ‘पाऊस कमी झाला’ ही क्वचितच असते. चार दिवसांचा पाऊस एका रात्रीत पडतो, ही असते.

७. निसर्ग, तौक्ते ही वादळं हवामान बदलामुळेच आली ना?

असं एका वादळाबद्दल कुणी छातीठोक सांगितलं, तर त्याला चहा द्या, पण विश्वास ठेवू नका.

सांगता येतं ते इतकंच. चक्रीवादळाचं इंधन म्हणजे ऊन पाणी, साधारण साडेसव्वीस अंशांच्या वरचं. पूर्वी वादळं म्हणजे बंगालचा उपसागर असं समीकरण होतं, अरबी समुद्र त्या मानाने शांत. हा समुद्र तापल्यावर चित्र बदललं. १९८२ ते २००० या काळाशी तुलना केली तर २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली, असं २०२१ च्या एका अभ्यासात दिसलं. आपल्या ओळखीची यादी काढा: नोव्हेंबर २००९ मध्ये फयान, ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार, ज्याने कापून ठेवलेलं भात भिजवलं, ३ जून २०२० ला निसर्ग, मे २०२१ मध्ये तौक्ते. म्यानमारने दिलेल्या या शेवटच्या नावाचा अर्थ मोठी पाल. कार्यशाळेतलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी पोरांना हे राहतंच.

निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर आलं. तिथल्या वाड्यांत आम्ही नंतर गेलो तेव्हा सुपारीची झाडं आगपेटीतल्या काड्या ओतल्यासारखी एकाच दिशेला पडलेली होती. एका आजींनी शास्त्रज्ञ मॅडमना विचारलं, “पुन्हा लावू, पण माझ्या हयातीत धरेल का?” सुपारीला सहा-सात वर्षं लागतात. त्या प्रश्नाला पडद्यावर उत्तर नव्हतं. आंतरपीक म्हणून मिरी आणि जायफळ, वाऱ्याच्या बाजूला सुरू-उंडीची दाट रांग आणि रोपं एकाच वर्षी न लावता दोन-तीन टप्प्यांत, इतकं बोलणं झालं. आजींनी त्याच पावसात वीस रोपं लावली.

८. हापूसचा मोहोर दरवर्षी उशिरा येतो किंवा गळतो. हे पण त्यातलंच का?

बरंचसं. पण बागेचा हिशोब वेगळा मांडावा लागतो. हापूसला पाऊस संपल्यावर कोरडा ताण हवा आणि मग थंड रात्री हव्यात. पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला की झाड मोहोराऐवजी पालवी काढतं. मोहोर आल्यावर ढगाळ हवा आणि अवकाळी सर आली की तुडतुडा, भुरी, करपा. थंडी पुन्हा पडली की पुनर्मोहोर येतो, झाडाचं अन्न तिकडे जातं आणि वाटाण्याएवढी कैरी गळते. फेब्रुवारी-मार्चमध्ये एकाएकी पारा चढला की पुन्हा फळगळ. या प्रत्येक पायरीवर तापमान आणि आर्द्रता आहे, म्हणून आंबा हवामान बदल सगळ्यांत आधी बोलून दाखवतो.

मात्र जुनी, न छाटलेली, एकमेकांत घुसलेली कलमं आणि वर्षानुवर्षं कल्टार या मोहोर आणणाऱ्या रसायनाचा मारा, याचं खापर हवामानावर फोडू नका. कार्यशाळेत बागेतच उभं राहून छाटणी, बागेत ऊन कसं शिरवायचं आणि फवारणी अंदाज बघून कशी करायची हे दाखवतात. अंदाजासाठी ‘मेघदूत’ ॲप मराठीत आहे.

९. समुद्र आमच्या माडापर्यंत आला. दहा वर्षांपूर्वी तिथे आम्ही क्रिकेट खेळायचो. पातळी इतकी वाढली?

नाही. वर्षाला ३.३ मिलिमीटर म्हणजे दहा वर्षांत जेमतेम सव्वा इंच. तेवढ्याने मैदान जात नाही. किनारा खचण्यामागे बहुतेक वेळा दुसरंही काहीतरी असतं: खाडीच्या मुखातला वाळूउपसा, जेटी किंवा भिंत बांधल्यामुळे वाळूचा बदललेला प्रवास, तोडलेली केवड्याची बनं. पातळीची वाढ काय करते, तर उधाण आणि वादळी लाट एकाच दिवशी आली की पाणी पूर्वीपेक्षा थोडं वरून आत येतं, आणि तेवढं ‘थोडं’ बांध फोडायला पुरतं.

शेजारच्या गावाला धूपप्रतिबंधक बंधारा मिळाला म्हणून आपल्यालाही हवा, असं सगळ्यांना वाटतं. त्या बंधाऱ्याच्या टोकाला पुढच्या गावाची वाळू कशी जाते, हे आम्ही पत्र्याच्या परातीत वाळू आणि पाणी घेऊन दाखवतो. खाजणाला खांड पडून, म्हणजे बांध फुटून, शेतात खारं पाणी शिरत असेल, तर पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेल्या पनवेल-१, २, ३ या भाताच्या जाती खारटपणा सोसतात. आणि बांधाबाहेरची तिवरं, चिप्पी तोडू नका. लाटेचा पहिला मार तीच खातात.

१०. तारली, बांगडा कमी झाला तो पाणी तापल्यामुळे की पर्ससीनमुळे?

हा प्रश्न विचारला की सभेत दोन गट पडतात, म्हणून पाहुण्यांना आधीच सावध करतो. पर्ससीन म्हणजे अख्खा थवा घेरून ओढणारं मोठं जाळं. उत्तर: दोन्ही. तारलीचा थवा पाण्याचं तापमान आणि खालून वर येणारं अन्न यांवर हलतो, एल निन्योच्या, म्हणजे प्रशांत महासागर तापलेल्या वर्षात ती बहुतेकदा रुसते. पण एलईडी दिवे लावून मासे ओढण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, त्याच्या आधीच राज्याने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले, ते काही पाणी तापलं म्हणून नव्हे. अमुक टक्के हवामान आणि तमुक टक्के जाळी अशी वाटणी कुणी शास्त्रज्ञ करून देणार नाही. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राकडून मासे मिळण्याच्या संभाव्य जागांची सूचना कशी वाचायची, हे मात्र शिकवतात. डिझेल वाचतं.

११. चिपळूणचा २०२१ चा पूर कुणामुळे?

२२ जुलै २०२१ च्या पुराबद्दल शास्त्रज्ञ पावसाबद्दल बोलतात, कारण तेवढंच त्यांचं क्षेत्र. घाटमाथ्यावर प्रचंड पाऊस, भरतीची वेळ, गाळाने उथळ झालेली वाशिष्ठी, कोयनेची वीज बनवून कोळकेवाडी धरणातून येणारं पाणी आणि नदीकाठची बांधकामं, एवढं सगळं एकत्र आलं. यातली पावसाची बाजू प्रश्न ६ मध्ये आहे. बाकीचं प्रशासनाला विचारायचं असतं, आणि ते विचारलंच पाहिजे.

१२. पाऊस घरी मोजता येतो म्हणता. कसा?

सरळ उभ्या भिंतीची प्लॅस्टिकची दोन लिटरची बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापून उलटा करून नरसाळ्यासारखा तोंडात बसवा. तळाशी खडे टाका, म्हणजे वाऱ्याने पडणार नाही. खड्यांवर येईपर्यंत पाणी ओता आणि तिथे शून्याची रेघ मारा. बाहेरून पट्टी चिकटवा. माड आणि पागोळ्यांपासून लांब, उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला वाचा, हवामान खात्याची वेळही तीच. मग पाणी पुन्हा रेघेपर्यंत आणा.

लहान बाटली घेऊ नका, जुलैत ती मध्यरात्रीच भरून वाहते. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर जोरदार, ११५.६ च्या वर अति जोरदार आणि २०४.५ पासून पुढे अत्यंत जोरदार पाऊस. सातवीतल्या एका मुलीने चार महिन्यांची वही भरून आणली. तिच्या वाडीत आणि तालुक्याच्या नोंदीत एका दिवशी ९० मिलिमीटरचा फरक होता. आलेल्या सरांनी त्या वहीचे फोटो काढून सोबत नेले.

याचाच दुसरा हिशोब: एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. पाचशे चौरस फुटांच्या छपरावर तीन हजार मिलिमीटर पावसात सुमारे १ लाख ४० हजार लिटर पाणी पडतं. त्याच घरापुढे मे महिन्यात टँकर उभा असतो.

१३. कोकणात चार महिने ऊनच नाही. सोलर कशाला?

वर्षाचा हिशोब करा. एक किलोवॅटची यंत्रणा वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण चार युनिट देते. जुलै-ऑगस्टात हे निम्म्यावर येतं, सलग झडीत त्याहूनही खाली. पण नेट मीटरिंगमध्ये जास्तीचे युनिट पुढच्या बिलात वळते होतात आणि हिशोब मार्चअखेर मिटतो. एप्रिल-मेमधली कडक उन्हाची कमाई पावसाळ्यात खर्च करायची, हे आपल्याकडे नवीन नाही. आगोटीचं सामान आपण असंच भरतो. नियमांत बदल होत असतात, म्हणून अर्ज करण्याआधी महावितरणच्या उपविभागात विचारून घ्या.

१४. अनुदान किती? कौलांवर बसतं का?

२०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार, ३ किंवा त्याहून जास्तीला ७८ हजार रुपये मिळतात. यंत्रणा चालू झाल्यावर ते खात्यात जमा होतात. कौलांवर थेट बसवू नका. वासे वाकतात आणि गळती कायमची मागे लागते. स्लॅब नसेल तर खळ्यात किंवा गोठ्याच्या बाजूला लोखंडी सांगाडा उभारतात. माडाखाली नको. एका झावळीची सावली सगळ्या रांगेची वीज पाडते, आणि नारळ पडला तर काय होतं ते सांगायला शास्त्रज्ञ नको.

१५. घर सामायिक आहे, मीटर वारलेल्या आजोबांच्या नावावर. अर्ज होईल का?

आधी मीटर जिवंत माणसाच्या नावावर करा. बिलावरचं नाव आणि बँक खात्याचं नाव जुळलं नाही तर अनुदान अडकतं. नाव बदलताना वारसांची संमती मागतात. मुंबईचे चुलते गणपतीला येतात तेव्हाच सह्या घ्या, आरतीनंतर, भजनाच्या आधी.

१६. सोलर असूनही लाईट गेली की घरात अंधार! फसवलं का?

फसवलं नाही, सांगितलं नाही. ग्रीडला, म्हणजे महावितरणच्या तारांना, जोडलेली साधी यंत्रणा ग्रीड बंद होताच स्वतः बंद होते. नाहीतर दुरुस्तीला खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छपरावरच्या विजेचा झटका बसेल. वीज गेल्यावरही दिवा, पंखा, मोबाईल चालायला हवा असेल तर बॅटरीसह हायब्रिड यंत्रणा लागते, ती महाग असते. निसर्गनंतर काही गावं कित्येक आठवडे अंधारात होती. त्यांना आम्ही सुचवतो की प्रत्येक घरी बॅटरी परवडत नसेल, तर निदान शाळा, आरोग्य उपकेंद्र आणि नळपाणी योजनेच्या पंपाला तरी घ्या.

१७. वादळात पॅनल उडतील, खाऱ्या हवेने गंजतील. हमी कोण देणार?

हमीपत्र वाचा, विक्रेत्याचं तोंड नको. सांगाडा ताशी १५० किलोमीटर वाऱ्याला टिकेल असा, गरम जस्ताचा मुलामा दिलेला. नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे. हे कोटेशनमध्ये लेखी घ्या. चिरेखाणीजवळ राहत असाल तर लाल धूळ दर आठवड्याला पहाटे, काच थंड असताना, साध्या पाण्याने धुवा.

१८. देवगडसारखी पवनचक्की घरावर लावता येईल का? आणि गोबर गॅस?

पवनचक्की नको. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर ऊर्जा आठपट होते, म्हणजे वेग निम्मा झाला की ती आठव्या हिश्श्यावर. माडा-फणसांत दडलेल्या घराला देवगडजवळच्या जामसंड्याच्या सड्यासारखा मोकळा वारा मिळत नाही. गोबर गॅस जरूर. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागतं. पुस्तकात चार-पाच गुरं लिहिलेली असतात. आपली कोकण कपिला गाय बुटकी, तेव्हा जास्त धरा.

१९. जैतापूर स्वच्छ ऊर्जा आहे की नाही? स्पष्ट बोला.

अणुवीज बनताना कार्बन जवळजवळ निघत नाही, म्हणून त्या एका मापाने ती स्वच्छ. १७३० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण १०,३८० मेगावॅट, असा तो प्रस्ताव आहे. पण समुद्रात सोडलं जाणारं गरम पाणी, मच्छीमारांची जागा, जमीन, किरणोत्सारी कचरा आणि अपघाताची शक्यता ही मापं वेगळी आहेत, ती कार्बनच्या तराजूत बसत नाहीत. कार्यशाळेत दोन्ही सांगतात, कौल घेत नाहीत. पोफळीला कोयनेचं पाणी, अंजनवेलला गॅस, जयगडला कोळसा, इतकी वीज या पट्ट्यात तयार होते. आणि मिरगाची पहिली सर आली की आमच्या वाडीतली लाईट जाते. हा प्रश्न मात्र प्रत्येक कार्यशाळेत एकमताने विचारला जातो.

२०. प्रमाणपत्र मिळतं का?

हो, शाळेतल्या मुलांना. मोठ्यांना पर्जन्यमापक.

२१. कार्यशाळेच्या दिवशीच रेड अलर्ट आला तर?

रद्द. जूनमधली एक सभा आम्ही अशी सकाळी सातला रद्द केली आणि दुपारी लख्ख ऊन पडलं. गावाने आठवडाभर चिडवलं. तरी पुढच्या वेळीही रद्दच करू. विजा कडाडत असतील तर ‘दामिनी’ ॲप बघा आणि घरात थांबा, बाटलीतलं पाणी उघडीप मिळाल्यावर वाचा. आकड्यापुढे वेळ लिहायला विसरू नका.